धारेला पाणी

आमचं कोल्हापूर तालमींचं, तसंच भट्ट्यांचंही. माझे अब्बा शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात फिटर होते. शाळा सुटली की मी रिकामा डबा आणायला तिथं जाई.

छिन्नीला पाणी द्यावं ते अब्बांनीच. पोलाद लालबुंद तापवायचं आणि फक्त टोक पाण्यात बुडवायचं. ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग धार घासून थांबायचं. मागची ऊब पुढं सरकते आणि धारेवर रंग चढतात. पिवळा, तपकिरी, जांभळा. जांभळा दिसला, म्हणजे सुमारे २८० अंश, की पुन्हा पाण्यात. डोकं मात्र मऊच ठेवायचं, हातोडा तिथं बसतो.

एकदा घाईत कुणीतरी अख्खी छिन्नी तापवून पाण्यात टाकली. हातोड्याच्या पहिल्याच घावाला डोक्याची कपची उडाली आणि अब्बांचा उजवा डोळा गेला.

आज शिरोलीत, गोकुळ शिरगावात भट्टीची उष्णता यंत्रावर दिसते. मालाची परीक्षाही होते. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली मांडलेल्या चाचणीत १० मिलिमीटरची गोळी ३००० किलोच्या भारानं दाबतात आणि खळगा मोजतात. त्यावरून कडकपणा कळतो. शार्पी चाचणीत खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा एकच घाव घालतात. त्यावरून चिवटपणा कळतो. चाचण्या दोन, कारण जे कडक ते चिवट असतंच असं नाही.

अब्बा पुढं एका डोळ्यानंच रंग ओळखत राहिले. नवा पोरगा कामाला आला की आधी सांगायचे, "धारेला पाणी दे बेटा, डोक्याला नको."