आधी ऐकू, मग गाऊ
(शताब्दी सप्ताहात टाळकरी, पखवाजी आणि भजनी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





या सप्ताहात थोरामोठ्यांनी दिंडीचा इतिहास सांगितला, परंपरा सांगितली. आमच्या वाट्याला आलेला विषय साधा आहे, पण रोजचा आहे. आम्ही म्हणजे दिंडीत पखवाज नि पेटी वाजवणारे आणि माईक-स्पीकरची बाजू बघणारे. आमचं गाऱ्हाणं एवढंच, की कीर्तनाला उभं राहिल्यावर आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही. मंडप दणाणतो, अर्ध्या गावाला भजन ऐकू जातं, आणि ज्यांनी ते म्हणायचं त्यांनाच आपण कुठल्या सुरात आहोत ते कळत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढे मोठे स्पीकर लावलेत, मग ऐकू कसं येत नाही? तर त्या स्पीकरांची तोंडं बघा. ती सगळी श्रोत्यांकडे असतात. आम्ही त्यांच्या पाठीमागे उभे. पाठीमागे जो आवाज येतो तो नुसता घुमतो. त्यात शब्द नसतात, सुराचं टोक नसतं. कीर्तनकार महाराज पुढे श्रोत्यांकडे तोंड करून गातात, टाळकरी त्यांच्या मागे, पखवाज एका बाजूला, पेटी खाली. महाराजांनी चाल बदलली की पहिल्या दोन टाळकऱ्यांना कळते, कडेच्यांना कळायला दोन-चार आवर्तनं जातात. तोवर एक कड एका लयीत, दुसरी कड दुसऱ्या लयीत. श्रोत्यांना वाटतं टाळकरी कच्चे आहेत. टाळकरी कच्चे नाहीत हो, त्यांच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं.

हेच लोक वाटेवर चालताना बघा. पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, मागे वीणा. ना माईक ना स्पीकर. ऊन, पाऊस, बाजूने गाड्यांचे हॉर्न, तरी टाळ एकावर एक पडतो. कारण पखवाज मधोमध आहे आणि माणसं एकमेकांना खेटून आहेत. दिंडीची ही रचना कुणी आवाजाचा हिशोब करून ठरवली असं आम्ही म्हणत नाही. पण आवाजाच्या हिशोबात ती चोख बसते, हे मात्र खरं.

तो हिशोब सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण भजन रंगात येऊन मिनिटाला १२० मात्रांवर गेलं, की एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. त्या मात्रेचा पाचवा हिस्सा या दहाव्या भागात गेला. आता समजा मंडपाच्या पार टोकाला एक भोंगा बांधलाय आणि कडेच्या टाळकऱ्याला जवळचं काही ऐकू येत नसल्यामुळे तो त्या लांबच्या भोंग्यावर टाळ धरतोय. त्याचा टाळ मागे पडणारच. तो मागे पडला की शेजारचा त्याच्याकडे बघून मागे ओढला जातो. मग पखवाजी ठेका रेटतो, महाराज घशावर जोर देतात, आणि गजर होण्याऐवजी ओढाताण होते. लय मंदावण्याचं मूळ पुष्कळदा हातात नसतं, कानात असतं.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. १५ ऑगस्ट १९६५ ला अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये इंग्लंडच्या बीटल्स या चौघा जगप्रसिद्ध गायक-वादकांचा कार्यक्रम झाला. ५५,००० च्या वर माणूस जमला होता. गाणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर तेव्हा नव्हते आणि लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना आपलंच गाणं ऐकू येईना. त्यांचा ड्रमवाला रिंगो स्टार. तसल्या कार्यक्रमांत पुढच्या तिघांची अंगं कशी हलतात ते बघून त्याला ठेका धरावा लागे. पुढच्याच वर्षी, १९६६ ला, त्यांनी गावोगाव फिरून कार्यक्रम करणं थांबवलं. स्वतःचं वाजवलेलं स्वतःला ऐकू येत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. पैसा, नाव, कशाची कमी नव्हती. पण ऐकू येईना, तर गाण्यातला आनंद गेला. आपल्याकडेही असंच होतं. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा हौसेने टाळ घेऊन उभा राहतो, त्याला काही समजत नाही, चुकला म्हणून सगळ्यांदेखत बोलणी खातो, आणि पुढच्या सप्ताहाला मंडपाच्या मागे चहाच्या पातेल्यापाशी दिसतो. एक टाळकरी गेला. स्पीकर भाड्याने मिळतो, माउली. टाळकरी भाड्याने मिळत नाही.

उपाय काय? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला लहान स्पीकर. त्याला मॉनिटर म्हणतात. तो खाली जमिनीवर, तिरपा, आपल्याकडे बघत ठेवायचा. पुष्कळ मंडपवाल्यांकडे तो असतो. मागितला तर आणतात. पण आणून कुठेही ठेवला तर शिट्टी मारतो, आणि मग साऊंडवाला तो बंदच करून टाकतो. म्हणून शिट्टी का येते ते समजून घ्या. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की फिरून स्पीकरमधून येतो, आणखी वाढतो, पुन्हा शिरतो. क्षणात कू करून कानठळी बसते. ही साखळी तोडायची, एवढंच काम.

त्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, मोठे स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. माईकच्या मागे किंवा बरोबरीने नकोत.

दुसरी, गाण्याचे नेहमीचे माईक समोरचं जास्त ऐकतात आणि पाठीमागचं सर्वांत कमी. म्हणून मॉनिटर माईकच्या पाठीमागे, गाणाऱ्याच्या पायाशी समोर ठेवायचा. आणि माईकचं डोकं मुठीत धरायचं नाही. मुठीत धरला की तो चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी घालतो.

तिसरी, माईक तोंडाजवळ हवा. अंतर दुप्पट केलं की माईकला मिळणाऱ्या आवाजाचा जोर चौथाईवर येतो. मग तो मिक्सरवर वाढवावा लागतो, आणि सोबत टाळ, वारा, शेजारचं बोलणं, सगळंच वाढतं. कॉलरला लावायच्या माईकची अडचण हीच. महाराजांना पावली खेळायला हात मोकळे हवेत हे खरं, पण त्यापेक्षा कानाला अडकवून ओठांपाशी येणारा माईक बरा.

चौथी, जेवढे माईक उघडे तेवढी शिट्टी जवळ. दोन माईकला येत नाही ती चार उघडले की येते. टाळाला माईक कशाला? टाळाचा आवाज आपल्या बळावर मंडपाबाहेर जातो, आणि नको त्या माईकमध्येही शिरतो. ध्रुपद धरणाऱ्या दोघांपुढे दोन माईक ठेवा, पुरे.

आता मॉनिटरमध्ये कोणाला काय द्यायचं? सगळ्यांना सगळं दिलं तर पुन्हा गोंगाटच. पखवाजीला महाराजांचा आवाज आणि पेटी हवी. टाळकऱ्यांना महाराजांचा आवाज आणि पखवाज हवा. महाराजांना पेटी हवी आणि स्वतःचा आवाज थोडा. टाळ कोणालाच नको, तो कानाशी आहेच. साऊंडवाल्याला नुसतं 'आवाज येत नाही' म्हटलं तर तो बिचारा सगळंच वाढवतो. 'पेटी वाढवा' किंवा 'पखवाज कमी करा' असं नेमकं सांगावं. आणि वाढवण्याआधी काय कमी करता येईल ते बघावं. एकाने आपला आवाज वाढवून घेतला की शेजाऱ्याला आपला कमी वाटतो, मग तो वाढवून घेतो. याला शेवट नाही. ज्याचं ऐकू येत नाही त्याचं वाढवण्याऐवजी, जे त्याच्यावर बसलंय ते खाली आणलं की काम होतं.

इकोबद्दल दोन शब्द. मिक्सरवर ते एक बटण असतं, आणि ते फिरवलं की आवाज देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखा होतो. श्रोत्यांना जरा गोड वाटतो. पण वाजवणाऱ्याला एकाच शब्दाच्या तीन सावल्या ऐकू येतात. कुठल्या सावलीवर सम धरायची? निरूपणात तर शब्दावर शब्द पडतो आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला काही उमगत नाही. गाताना चिमूटभर, तेही बाहेरच्या स्पीकरला. मॉनिटरला अजिबात नाही, आणि निरूपणाला तर बंदच.

पखवाजाचंही सांगितलं पाहिजे. आषाढात हवा दमट असते. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि सूर उतरतो. पेटीचा सूर मात्र आहे तिथेच राहतो. गठ्ठे ठोकून पखवाज चढवायचा तर पेटी कानावर यायला हवी, आणि नेमकं तेव्हाच मंडपात स्पीकरवर गाणी लावलेली असतात. कीर्तनाआधी पाच मिनिटं स्पीकर गप्प ठेवा, एवढीच विनंती. चढवलेल्या पखवाजाला कणकेच्या बाजूला एक आणि शाईच्या बाजूला एक असे दोन माईक मिळाले तर उत्तम. एकच असेल तर शाईच्या बाजूला द्या. ठेक्याचे बोल तिथे उमटतात.

कानांचीही काळजी करा, माउली. ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहिलं तर चालतं, असं कानाचे जाणकार सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. आपल्यातल्या कितीतरी जुन्या टाळकऱ्यांना आज दोनदा हाक मारावी लागते. वयाचं असेल काही, पण सगळंच वयाचं नसतं. आणि कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच. आमचा अनुभव असा, की वाजवणाऱ्यांना आपसात नीट ऐकू यायला लागलं की बाहेरचा आवाज आपोआप कमी ठेवता येतो. ओरडावं लागत नाही.

तक्रार कशी सांगायची याचा धडा तर आपल्या सोहळ्यातच आहे. माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, आणि मग आरती होते. लाखांच्या मेळ्यात एका दिंडीचं ऐकायला सगळे थांबतात. मग दहा-वीस माणसांच्या कीर्तनात एका कडेच्या टाळकऱ्याचं ऐकायला आपण दोन मिनिटं का थांबू नये?

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. त्या आपल्यापुढे ठेवतो.

कीर्तनाच्या दहा मिनिटं आधी सगळे जागेवर उभे राहतील. एक चाल म्हणायची आणि दोन्ही कडेच्या टाळकऱ्यांना पहिलं विचारायचं, ऐकू येतंय का? मधल्यांना नंतर.

साऊंडवाल्याला सांगणारा एकच माणूस राहील. बाकीच्यांनी त्याला खुणेने सांगायचं: बोट वर म्हणजे वाढवा, खाली म्हणजे कमी करा, आणि कशाचा आवाज ते हाताने दाखवायचं. चालू कीर्तनात माईकवरून साऊंडवाल्याला बोलायचं नाही. तोही माणूस आहे. दिवसभर खांब रोवून, वायरी ओढून दमलेला असतो. त्याला पंगतीला आपल्याबरोबर बसवायचं.

टाळकऱ्यांची रांग फार लांबवायची नाही. माणसं जास्त असली तर मागे दुसरी रांग करायची, आणि पखवाज रांगेच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्यायचा. वाटेवरची दिंडी आठवा.

आणि रोजचा हरिपाठ बिनमाईकचा. पोरांना मध्ये घ्यायचं, म्हाताऱ्यांना पखवाजाशेजारी बसवायचं. शेजारच्याचा टाळ ऐकून आपला टाळ टाकायची सवय तिथेच लागते. ती सवय अंगात मुरली, की उद्या वीज गेली, मॉनिटर बंद पडला, तरी भजन थांबत नाही.

या चार गोष्टी येत्या काल्याच्या कीर्तनापासून चालू करू. कडेला उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्यांनी आज बैठक उठल्यावर आमच्याकडे नावं द्यावीत; कोणाला काय ऐकू येत नाही ते आम्ही वहीत लिहून घेणार आहोत.