फोनचं बिल आणि जॉब शीट



माझा भाचा मूळचा नाशिकचा, पण कामाला सुरतला. दुचाकीवरून पार्सलं पोचवतो. फोन म्हणजे त्याचं दुकानच. ऑर्डर फोनवर, रस्ता फोनवर, पैसेही फोनवर. दिवाळीला घरी आला तेव्हा नाशिकच्या दुकानातून त्याने 18,000 रुपयांचा नवा फोन घेतला. चार महिन्यांत स्क्रीनवर एक हिरवी रेघ उमटली. आठवडाभरात तीन रेघा झाल्या आणि मग अर्धी स्क्रीन काळी पडली.

सुरतच्या सर्व्हिस सेंटरने दोनदा "अपडेट केलंय, वापरून बघा" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा फोन ठेवून घेतला आणि 12 दिवसांनी सांगितलं, "आत पाणी गेलंय, वॉरंटी मिळणार नाही. तक्रार करायची तर नाशिकला करा, फोन तिथला आहे."

मित्राच्या फोनवरून त्याने मला विचारलं, "मामा, आता काय करू?"

आधी नाशिकचं बोलू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात एक मोठी सोय आहे. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. फोन नाशिकचा असो नाहीतर ऑनलाइन मागवलेला. आपल्यापैकी जे इंदूर, बेळगाव, हैदराबादला स्थायिक आहेत, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

दुसरी शंका: फोन धंद्यासाठी वापरला, मग तो ग्राहक कसा? कायदा म्हणतो, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू असेल तर तोही ग्राहकच.

आता पाण्याचं. बऱ्याच फोनमध्ये आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. म्हणून कोणी "पाणी गेलंय" म्हटलं, की भांडू नका. शांतपणे सांगा, "तो स्टिकर दाखवा, फोटो द्या आणि कारण जॉब शीटवर लिहून द्या." फोन देण्याआधी तुम्हीही त्याचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. डेटाचा बॅकअप घ्या.

जॉब शीट म्हणजे सर्व्हिस सेंटर फोन घेताना देतं तो कागद. तारीख, आयएमईआय नंबर, तुमची तक्रार, सगळं त्यावर असतं. काउंटरवर पाच मिनिटांत काम झालं तरी तो मागायचाच. भाच्याने पहिल्या दोन फेऱ्यांत मागितला नाही. त्यामुळे कागदावर त्या फेऱ्या झाल्याच नाहीत!

पुढची पायरी म्हणजे कंपनीला ईमेल. बिल आणि जॉब शीट जोडा, काय हवं ते स्पष्ट लिहा आणि 15 दिवसांची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी तडजोड घडवायचा प्रयत्न करते.

तिथेही जमलं नाही, तर आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील हवाच असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. फोन तपासायची गरज नसेल तर तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत पाठवावा लागला तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ती तयारी ठेवा.

आणि मागायचं काय? इथेच बरेच जण चुकतात. फक्त "फोन बदलून द्या" एवढंच लिहितात. तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा. एक, दुरुस्ती, नवा फोन किंवा व्याजासह पैसे परत. दोन, नुकसान आणि मनस्तापाची भरपाई. तीन, तक्रारीचा खर्च. भरपाईला पुरावा लागतो. रोजच्या कमाईचं स्टेटमेंट जोडलं, की बुडालेल्या दिवसांचा हिशोब मांडता येतो. नुसता मोठा आकडा लिहून काही होत नाही.

भाच्याचं काय झालं? ईमेलमध्ये त्याने स्टिकरचा फोटो मागितला. तो कधी आलाच नाही. 1915 वर तक्रार गेल्यावर कंपनी नवा फोन द्यायला तयार झाली. फोन देताना एका कागदावर सही घेतली. त्यावर लिहिलं होतं, यापुढे माझी कोणतीही मागणी उरलेली नाही. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं होतं, मी त्याला दोष देत नाही. पण 12 दिवसांची कमाई गेली ती गेलीच. तिचं स्टेटमेंट त्याच्याकडे होतं, मागायचा हक्कही होता. तो त्या सहीबरोबर सुटला.

म्हणून तडजोडीचा कागद पुढे आला, की आधी पूर्ण वाचा. नुकसानीचा आकडा त्यात लिहून घ्या, किंवा तो हक्क सोडतोय हे समजून-उमजून सही करा.

आज एवढंच करा. घरातल्या प्रत्येक फोनचं बिल शोधा, त्याचा फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. बिल फक्त फोनमध्ये असेल आणि नेमका तोच फोन बंद पडला, तर दाखवणार काय?