लोखंडामधलं रबर

मंडळी, दिंडी पायी चालते; पण सामान, औषधं, थकलेली माणसं गाडीतून येतात. खड्डा आला की मागून आवाज येतो, 'खडक्, खडक्'. मग आपण काय करतो? टेपवरचं भजन मोठं करतो! आवाज झाकला, दोष तसाच राहिला. आणि मागं बसलीय कोण? आपलीच म्हातारी आई.

म्हणून माउली, आधी निदान करावं. डिकी रिकामी करा. पुष्कळदा जॅक नाहीतर स्टेपनीच सैल असते, खर्च शून्य! तरी आवाज आला, तर गाडीचा मागचा कोपरा जोरानं दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर बरं. डोलतच राहिली तर शॉकअप थकला. त्याच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसलं, तर बदलायचाच. पण बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. एक नवा, एक थकलेला, अशी जोडी एका चालीनं चालत नाही.

शॉकअप ठणठणीत, तरी आवाज? मग बुश बघावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणी खाली शिरू नये; भक्कम स्टँड लावावेत, पुढच्या चाकांना उटी द्यावी. मग मिस्त्री पहारीनं जोड हलवून बघतो.

बुश म्हणजे काय हो? लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये बसवलेलं बोटभर रबर. दिसत नाही, कुणी त्याचं नाव घेत नाही. ते झिजलं की लोखंड लोखंडावर आपटतं. लोखंड तेच, जोड तोच; मधली मऊ वस्तू तेवढी गेली!

दोन भावांच्या मधली क्षमा अशीच असते, मंडळी. ती झिजली की घर वाजायला लागतं. आपण भावाला दोष देतो, जावेला दोष देतो. मधलं काय झिजलं, ते बघतच नाही.

आणखी एक ऐका. नव्या बुशाचा बोल्ट गाडी अधांतरी लटकत असताना शेवटचा आवळू नये. चाकांवर वजन आलं की मगच आवळावा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. समेटही तसाच करावा. संसाराचा भार अंगावर घेऊन, जमिनीवर उभं राहून केलेला समेट टिकतो.

तेव्हा आवाज झाकू नका, माउली. वाकून बघा. वाकल्याशिवाय ते रबर दिसत नाही. रामकृष्ण हरि!