मोड, पाणी आणि आपलं गप्प बसणं

(महाड-पोलादपूर भागातल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव काढलं की आपण तोंडाला पदर लावतो. मूळव्याध. आपण म्हणतो, मोड आलेत. माझ्या दोन्ही गरोदरपणांत मला हा त्रास झाला. परसाकडे जायची भीती वाटायची, रक्त पडायचं. सासूबाईंना सांगितलं नाही, नर्सताईंनाही नाही. पुढे कळलं, सासूबाईंनीही प्रत्येक बाळंतपणात हेच सोसलं होतं. एका घरात दोघी, आणि दोघीही गप्प!

१९८९ साली डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास मूळव्याधीचा नव्हता, पण गप्प बसणं तेच.

मोड येण्यात लाजण्यासारखं काही नाही. गर्भाचा दाब शिरांवर पडतो, आतडी मंदावतात, खडा होतो, कुंथावं लागतं आणि गुदद्वाराच्या शिरा फुगतात. बाळंतपणात जोर लावल्यावर आणखी फुगतात. लोहाच्या गोळ्यांनीही काहींना खडा होतो. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. नर्सताईंना सांगा, त्या बदलून देता येतात.

नाचणीची भाकरी, पालेभाजी, सालासकट कडधान्यं खा. कळ आली की दाबू नका, कुंथत बसू नका. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. दुपारी थोडा वेळ कुशीवर पडा. बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत सोडा. अंगावर पाजणारीला पाणी जास्तच लागतं. ‘मूळव्याध हमखास बरी’ अशा पाटीवाल्याकडून टोचून घेऊ नका. बहुतेकींचे मोड बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बसतात. रक्त थांबत नसेल, चक्कर, ताप किंवा असह्य ठणका असेल, तर दवाखाना गाठा. आणि गरोदरपणी रक्त अंगावरून जात असेल, तर ते मोडांचं समजून घरी थांबू नका. लगेच निघा.

‘भरपूर पाणी प्या’ हे सांगणं सोपं आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. चढणीवरून हंडा आणणारी बाई सगळ्यांत शेवटी पिते. संडास बांधला, पण त्यात ओतायला पाणी कुठे? म्हणून ती दिवसभर घोट-घोट पिते आणि अंधार पडेपर्यंत कळ दाबते. तिचं दुखणं तिथे सुरू होतं.

२० मार्च १९२७ रोजी याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी हा माणसाचा हक्क आहे, हे या मातीला नव्याने सांगायला नको. गरोदर बाईच्या वाट्याचं पाणी हाही हक्कच.

तर दोन गोष्टी करू. गरोदर बायांच्या तपासणीत ‘शौचाला त्रास होतो का?’ हे प्रत्येकीला विचारलं जावं, असं उपकेंद्रात सांगू. आणि ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की हे दुखणं नाव घेऊन मांडू. पहिली मी बोलले. आता तुम्ही बोला.