लंडन ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळा दोन

आजचा भाग छोटा आहे आणि माझ्याच एका चुकीवरचा आहे.

मार्च महिना होता. मी कामानिमित्त लंडनला होतो. आई माझ्याकडून न्यूयॉर्कला, ताईकडे गेली. जाताना विमानाला आठ तास लागले. परतीचं तिकीट ताईने काढलेलं. मी फोनवर एवढंच विचारलं, "ताई, तिकडून किती वाजता निघतंय?" ती म्हणाली, संध्याकाळी सात. झालं! सात, अधिक आठ तास प्रवास, अधिक पाच तासांचा फरक, म्हणजे आमचे सकाळचे आठ.

सव्वाआठला हीथ्रोला पोचलो, तर आई साडेसहापासून बाहेर बाकावर बसलेली. तिचं सिम तिथे चालत नव्हतं. विमान उतरलं होतं साडेपाचलाच! बी.टेक. झालेल्या पोराचा हिशोब अडीच तासांनी चुकला.

कुठे चुकला? दोन ठिकाणी.

पहिलं, वारा. या दोन शहरांतलं हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. पण अटलांटिकवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो जेट स्ट्रीम. समजा विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १२०. लंडनला येताना १,०२० मिळतात, म्हणजे साडेपाच तासांच्या आत. उलट जाताना उरतात ७८०, म्हणजे सात तासांच्या वर. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्यासाठी घिरट्या, हे वेगळंच. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत आलं होतं!

आणि हो, पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असं बरेच जण समजतात. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्याच हवेत असतं. फरक पडतो तो वाऱ्याचा. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो.

दुसरं, घड्याळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करते, ब्रिटन मात्र शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक पाचचा नसतो, चारचा असतो. आई नेमकी तेव्हाच आली. दीड तास वाऱ्याने खाल्ला, एक तास घड्याळाने.

गंमत म्हणजे उतरायची वेळ तिकिटावर स्थानिक वेळेत छापलेली असते. ती मी विचारलीच नाही! तेव्हा घरचं कुणी येणार असेल तर निघायची वेळ विचारू नका, उतरायची विचारा. फ्लाइट नंबर घ्या आणि घरातून निघण्याआधी एकदा बघा. वारा जोरात असेल तर विमान त्याहूनही लवकर येतं.

आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, विमान सातासमुद्रापलीकडून लवकर आलं, आणि तू गावातल्या गावात उशिरा?"

चला, भेटू पुढच्या भागात!