नफा आणि रोकड : रोख प्रवाह पत्रकाच्या दोन पद्धती

(सहकारी संस्थांचे चिटणीस, पंचायतींचे लेखनिक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक सर्वसाधारण सभेत नफ्याचा आकडा वाचून दाखविला जातो आणि लागलीच लाभांशाची मागणी पुढे येते. परंतु त्याच सभेत दुधाचे बिल थकलेला एखादा उत्पादक मागच्या रांगेत बसलेला असतो. नफा झाला असेल तर पैसा गेला कोठे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नफा-तोटा पत्रकात मिळत नाही व ताळेबंदातही सहजासहजी सापडत नाही. ते देण्यासाठीच रोख प्रवाह पत्रक तयार करावयाचे असते.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने या विषयावरील लेखामानक क्रमांक ३ प्रथम १९८१ साली काढले. त्या वेळी त्याचा भर आर्थिक स्थितीतील बदलांवर होता. १९९७ साली त्याची सुधारणा होऊन त्याला रोख प्रवाह पत्रकाचे रूप आले. येथे रोख म्हणजे हातातील शिल्लक, बँकेतील मागताक्षणी मिळणारी ठेव आणि साधारणतः तीन महिन्यांच्या आत वटणारी, जोखीम नसल्यासारखी अल्प मुदतीची गुंतवणूक. या रोखीची ये-जा तीन भागांत मांडतात : कामकाज, गुंतवणूक व वित्तपुरवठा.

समजण्यासाठी एक कल्पित दूध उत्पादक संस्था घेऊ. आयकराचा विचार सोयीसाठी बाजूला ठेवू. तिची वर्षाची विक्री २०,००,००० रुपये आहे. विकलेल्या दुधाची व पशुखाद्याची खरेदी किंमत १६,००,०००, पगार व इतर खर्च २,२०,०००, घसारा ४०,००० आणि कर्जावरील व्याज ३०,००० रुपये आहे. म्हणजे निव्वळ नफा १,१०,००० रुपये झाला. वर्षभरात ग्राहकांकडून येणे २,१०,००० रुपयांनी वाढले, पशुखाद्याचा शिल्लक साठा ५०,००० रुपयांनी वाढला आणि पुरवठादारांचे देणे २०,००० रुपयांनी वाढले.

प्रथम प्रत्यक्ष पद्धत पाहू. हिच्यात नफ्याकडे पाहावयाचेच नाही. रोख किती आली व किती गेली एवढेच मांडावयाचे. विक्री २०,००,००० ची असली तरी २,१०,००० ची भर उधारीत पडली. म्हणून ग्राहकांकडून हाती आले १७,९०,०००. खरेदीची किंमत १६,००,०००, अधिक वाढलेला साठा ५०,०००, उणे न फेडलेले देणे २०,०००; म्हणून पुरवठादारांना व उत्पादकांना दिले १६,३०,०००. पगार व इतर खर्चाचे २,२०,००० रोखीने गेले. जमेतून हे दोन्ही खर्च वजा केले की कामकाजातून ६०,००० रुपयांची तूट निघते.

आता अप्रत्यक्ष पद्धत. ही नफ्यापासून निघते. नफा १,१०,०००. त्यात घसारा ४०,००० मिळवावा, कारण त्यापोटी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. व्याजाचे ३०,००० मिळवावेत, कारण अशा संस्थेत ते वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवावयाचे असतात. झाले १,८०,०००. येणे वाढले म्हणून २,१०,००० वजा, साठा वाढला म्हणून ५०,००० वजा, देणे वाढले म्हणून २०,००० मिळविले. उत्तर पुन्हा तेच : ६०,००० रुपयांची तूट. जुने यंत्र विकून नफा झाला असल्यास तो येथे वजा करून विक्रीची संपूर्ण रक्कम गुंतवणुकीच्या भागात दाखवावी.

वाटा दोन असल्या तरी मुक्काम एकच आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. उत्तरे जुळली नाहीत तर कोठेतरी नोंद चुकली आहे असे समजावे. पुढील दोन भाग मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच असतात.

आपल्या संस्थेने दुधाचे कॅन व वजनकाटा यांसाठी १,५०,००० रुपये रोख दिले, ही गुंतवणूक. २,००,००० चे नवे कर्ज व १०,००० चे भागभांडवल आले आणि व्याजाचे ३०,००० गेले. वित्तपुरवठ्यातून निव्वळ १,८०,००० मिळाले. तिन्ही भागांची बेरीज ३०,००० रुपयांची घट दाखविते. वर्षारंभी रोख व बँक शिल्लक ७५,००० होती, ती वर्षअखेर ४५,००० झाली. हा आकडा रोकड वही व बँकेचे पासबुक यांच्याशी ताडून पाहावा.

पतसंस्थेच्या लेखनिकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. पैसे देणे-घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याकडे येणारे व जाणारे व्याज हे कामकाजाच्याच भागात येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नफा १,१०,००० आहे, पण तिजोरीत व बँकेत मिळून आहेत ४५,०००. साधनांची खरेदी, व्याज व कामकाजातील तूट भागली ती नवे कर्ज, नवे भाग आणि जुनी शिल्लक यांवर. अशा स्थितीत सगळा नफा लाभांश म्हणून वाटावयाचा ठरविल्यास तो उत्पादकांच्या बिलांतून अथवा आणखी कर्जातूनच द्यावा लागेल. याचा अर्थ संस्था बुडाली असा नव्हे. वाढलेले येणे वसूल होण्याजोगे असेल तर पैसा परत येईल. पण ते कोणाकडे आहे, किती दिवसांचे आहे आणि एवढे पशुखाद्य कशासाठी भरून ठेवले, हे सभासदांनी विचारलेच पाहिजे.

भांडवल बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमांप्रमाणे अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते. लेखामानक क्रमांक ३ मध्ये मात्र दोन्ही पद्धतींना मुभा आहे. माझी शिफारस अशी की, गावच्या सभेत प्रत्यक्ष पद्धतीचे पत्रक वाचून दाखवावे, कारण घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीलाही ते कळते. त्याला अप्रत्यक्ष पद्धतीचे पत्रक जोडावे, म्हणजे नफा व रोकड यांत अंतर का पडले ते कार्यकारी मंडळाला व लेखापरीक्षकाला दिसेल. लाभांशाचा ठराव मांडण्यापूर्वी ही दोन्ही पत्रके सभेपुढे असावीत आणि थकलेल्या बिलांचा निर्णय आधी व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.