न जुळणारे हाड आणि उपचाराची चिकाटी
(न्यासाच्या वार्षिक सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



नडगीचे हाड मोडले, शस्त्रक्रियाही झाली. परंतु महिने लोटले तरी हाड जुळले नाही आणि जखमेतून पू वाहतच राहिला, अशा स्थितीत रुग्ण येतात तेव्हा घरातील सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : पाय वाचेल का? आज त्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

नडगीच्या आतील बाजूस हाडावर स्नायूंचे आच्छादन नसते, केवळ त्वचा असते. त्यामुळे वाहनाच्या अपघातात हाड सहज उघडे पडते व जखमेत माती जाते. ज्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो मृत होतो. अशा मृत हाडावर, तसेच आत बसविलेल्या पट्टीवर वा सळईवर, जंतू एक चिकट थर तयार करून त्याच्या आश्रयाने राहतात. रक्तावाटे जाणारे औषध तेथे पुरेसे परिणामकारक ठरत नाही. म्हणूनच केवळ गोळ्या-इंजेक्शने बदलत राहिल्यास पू काही दिवस थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे निर्दयपणे केलेली स्वच्छता. सैल झालेली पट्टी वा सळई काढून, रक्त पाझरणारे जिवंत हाड दिसेपर्यंत मृत भाग काढावा लागतो. खोलवरच्या ऊतींचे नमुने तपासून जंतूंना अनुरूप औषध निवडले जाते. परंतु त्यामुळे हाडात काही सेंटिमीटरची पोकळी राहते. ती कशी भरावयाची?

याचे एक उत्तर सैबेरियातील कुर्गान येथील डॉ. गव्रील इलिझारोव यांनी 1950 च्या दशकात शोधले. पायाभोवती धातूची वलये बसवून, ताणलेल्या तारांनी ती हाडाशी जोडतात. मग दूरच्या निरोगी भागात हाड कापून पाच-सात दिवसांनी तो तुकडा पोकळीच्या दिशेने रोज 1 मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा, सरकवितात. मागे पडलेल्या जागेत शरीर स्वतःच नवे हाड निर्माण करते. टोकियो येथे 1964 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा उंच उडीपटू वलेरी ब्रुमेल याचा पाय 1965 मध्ये मोटारसायकल अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळले नव्हते, संसर्गही होता. 1968 मध्ये इलिझारोव यांच्या उपचारानंतर तो पुन्हा उडी मारू शकला. पश्चिम युरोपातील शल्यचिकित्सकांसमोर ही पद्धत 1981 मध्ये, इटलीतील परिषदेत, सविस्तर आली.

आता थोडे गणित. 6 सेंटिमीटरची पोकळी असेल, तर तुकडा सरकविण्यासच सुमारे 60 दिवस लागतात. नवे हाड कठीण होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. प्रत्येक सेंटिमीटरमागे एक ते दीड महिना वलये पायात राहतील, हे मनाशी धरूनच निर्णय घ्यावा. शस्त्रक्रिया काही तासांची असते. खरा उपचार घरी, अनेक महिने चालतो.

नातेवाईकांस विनंती, की पाना हातात घेऊन नट फिरविण्याचे काम आपल्याला शिकविले जाईल; ते सांगितल्याप्रमाणेच करावे. तारांच्या मुळाशी स्वच्छता ठेवावी. तेथे लाली, वेदना वा पाणी दिसल्यास तत्काळ यावे. गुडघा व घोटा आखडू नये म्हणून व्यायाम चुकवू नये. विडी, सिगारेट व तंबाखू पूर्ण बंद करावी, कारण त्याने हाड जुळण्यास विलंब होतो. मधुमेह आटोक्यात असावा, आहारात डाळी, दूध, अंडी असावीत. प्रत्येक पाय वाचविता येतोच असे नाही. ज्या पायाचा रक्तपुरवठा वा संवेदना कायमची गेली आहे, तेथे वेळीच केलेले अवयवछेदन आणि चांगला कृत्रिम पाय हाच हिताचा मार्ग ठरतो. हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो.

देणगीदारांस आमचे निवेदन वेगळे आहे. वलयांची किंमत दिसते. पण रुग्णाची फेरतपासणी, एसटीचे भाडे, मलमपट्टी आणि बुडालेली मजुरी दिसत नाही. कमावता माणूस सहा-आठ महिने घरी बसला, की कुटुंब उपचार अर्ध्यावर सोडण्याच्या काठावर येते, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणजे पुन्हा पू आणि पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणून आपले साहाय्य केवळ शस्त्रक्रियेच्या दिवसापुरते न राहता वलये निघेपर्यंत पोहोचावे, ही नम्र अपेक्षा. हाड शरीरच जोडते. त्यासाठी लागणारा अवधी रुग्णाला मिळवून देणे आपल्या हातात आहे.